अकरा मिनिटांचा भात

सुगराबी घाबरली, ती भात लवकर शिजला म्हणून. हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, कारण वाचणाऱ्याला हसू येईल. चारशे मुलींचं रांधणाऱ्या बाईला भात लवकर झाला तर आनंदच व्हायला हवा. आम्हा सगळ्यांना तो झाला होता. आनंदात सगळ्यात पुढे मी होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी साधी समजायला नको.

मी पुनम. जळगावहून असोद्याला जाताना डाव्या हाताला मुलींचं एक वसतिगृह लागतं, तिथली व्यवस्थापक. माहेर धुळ्याचं, तोंड फटकळ, आणि कामात कुणी चूक काढलेली मला खपत नाही. माझ्या हाताखाली स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मुख्य बाई सुगराबी. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मीही म्हणत असे, पण रागावले की सुगराबी.

ती पाचोऱ्याची. बाप रमजान बावर्ची. पाचोरा-भडगावकडची मोठी लग्नं त्याच्या देगांशिवाय, त्या तांब्याच्या मोठ्या हंड्यांशिवाय, होत नसत. देगेत थरावर थर रचले की झाकण ठेवायचं, झाकणाच्या कडेनं कणकेची जाड वात फिरवून फट बुजवायची, वर निखारे टाकायचे आणि आतल्या वाफेवर सगळं शिजू द्यायचं. याला दम देणं म्हणतात. वात लिंपायचं काम सुगराबीकडे होतं, ती सात वर्षांची असल्यापासून. तिची बोटं बारीक होती आणि चटका लागला तरी ती हूं की चूं करत नसे. कुठून धाग्याएवढी वाफ सुटली तरी रमजानभाई भडकायचे. वाफ गेली म्हणजे जेवणाची जान गेली, असं ते म्हणत. पोरीच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलं, की घरात दुधाच्या पातेल्यावरचं झाकण तिरकं दिसलं तरी ती उठून नीट करी.

बाईमाणसानं लग्नाच्या देगेवर उभं राहायची रीत नव्हती. भाऊ अतिकनं मोबाइलचं दुकान टाकलं, बाप गेला, देगा भाड्यानं गेल्या. सुगराबीचा नवराही लवकर वारला. सोळा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी तिनं मला चकित केलं. लाकडी उलथन्याचं एक टोक तिनं वरणाच्या पातेल्याला टेकवलं, दुसरं कानाला लावलं, आणि म्हणाली, "खाली लागतंय. आच कमी करा." झाकण उघडलं तर खरंच लागत होतं.

त्याच वर्षी मंजुळाबाई आल्या. धुळे तालुक्यातल्या, अहिराणीशिवाय दुसरं काही न बोलणाऱ्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अशी थापणाऱ्या की मुली दोन भाजीला आणि एक नुसती खायला मागत. दोघी बायका रोज सगळ्यांचं आटोपल्यावर शेजारी शेजारी बसून जेवायच्या आणि एकमेकींना नावं ठेवायच्या. मंजुळाबाई म्हणत, "सुगरा, तुना वरणमा मीठ नही, तुना बोलामाच बठ्ठं मीठ शे." सुगराबी म्हणे, तुझी भाकरी भिंतीला मारली तर भिंत पडेल. दोघींचं रक्ताचं असं तिथं कोणी नव्हतं. त्या एकमेकींच्या होत्या.

गेल्या दिवाळीनंतर स्टीमचं मशीन आलं.

संस्थेचे अध्यक्ष प्रेमराज नाना कुठल्याशा प्रदर्शनात ते बघून आले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीमागे पत्र्याची शेड मारली, शेडमध्ये गॅसवर चालणारा बॉयलर बसवला, तिथून नळ्या आत आणून तीन मोठ्या भांड्यांना जोडल्या. भिंतीवर पाटीएवढा स्क्रीन. भात म्हणून बोट लावलं की वाफ सुटायची, शिजलं की आपोआप बंद व्हायची, आणि किती मिनिटं लागली, किती गॅस जळाला, हे नानांच्या मोबाइलवर जायचं. पूर्वी सव्वा तास लागणारा भात वीस मिनिटांत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सात बायकांतल्या तिघींना नानांनी नारळ दिला.

मशीन बसवणारा स्वप्नील धुळ्याचा पोरगा, हुशार. त्यानं बायकांना दोन तास सगळं समजावलं. बॉयलरच्या डोक्यावरच्या पितळी तोंडाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकरची शिट्टी समजा. बाकी कशालाही हात लावा, याला लावू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मंजुळाबाईंचं लक्षच नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं, की शेडच्या बाजूची भिंत आता गरम असते. त्यांनी आपली चूल-तवा उचलून त्या भिंतीला लावला आणि पाठ-गुडघे शेकत भाकरी थापायला लागल्या. बॉयलर आणि त्यांची पाठ यांच्यात नऊ इंची वीट, बस.

जानेवारीत तो व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला. रोज सकाळी आधी बारीक, मग जोरात. स्क्रीनवर दाब नेहमीचाच, एक पॉइंट दोन, हिरवा. म्हणजे व्हॉल्व्हच गळतोय, असं आमचं सगळ्यांचं ठरलं. गॅस जास्त जळायला लागला आणि नानांच्या मोबाइलवर लाल खुणा यायला लागल्या. एक दिवस ते ऑफिसात येऊन म्हणाले, "पुनमताई, गॅस असाच जळणार असेल तर मशीनचा उपयोग काय? माणसं कमी करावी लागतील. त्या मंजुळाबाईंना आता आराम द्या. वय झालं त्यांचं." सुगराबी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. नाना गेल्यावर तिनं मला विचारलं, "गॅस कमी झाला तर मंजुळा राहील ना?"

"राहील," मी म्हटलं. माझ्या बापाचं काय जात होतं?

स्वप्नीलला मी फोन केला होता. तो म्हणाला, पंधरा दिवसांत येतो. तो आला नाही, आणि मीही पुन्हा फोन केला नाही, कारण चारच दिवसांनी फुसफुस थांबली. गॅस कमी झाला, लाल खुणा गेल्या, नानांनी आमच्या ग्रुपवर अंगठा टाकला. मी खूश. शेडच्या मागे सहज चक्कर मारायला गेले, तर त्या पितळी तोंडाला फडकं आणि तार गुंडाळलेली. फडक्याच्या कडेनं पांढरी कणीक दिसत होती.

मी सुगराबीला तिथंच बोलावलं. "हे काय?"

तिनं काही लपवलं नाही. पहिल्यांदा नुसती कणीक भरली, ती उडून गेली. दुसऱ्यांदा मीठ घालून घट्ट मळली, वर फडकं बांधलं, तार आवळली. तेव्हापासून बसली आहे. रोज सकाळी ती येऊन बघते, नवी वात लावते.

"स्वप्नील नको म्हणाला होता," मी म्हटलं.

"त्याला देग माहीत नाही बेटा. देगेत वाफ फार झाली तर कणीक आपणच तडकते, वाफ आपली वाट काढते. कणकेनं कुणी मेलेलं मी ऐकलं नाही."

खरं सांगते, मला पटलं. पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. फडक्यातून एक ओला कोपरा बाहेर आला होता. तो मी अंगठ्यानं आत दाबला आणि म्हटलं, "वरून दिसायला नको, एवढं बघ." मी व्यवस्थापक, आणि माझी सगळी व्यवस्था त्या अंगठ्यात आली.

त्यानंतर भात लवकर व्हायला लागला. आधी अठरा मिनिटं. फेब्रुवारीच्या शेवटी पंधरा. स्क्रीनवर आकडा आला की नूतन, भातावर कामाला असलेली मुलगी, ओरडून सांगायची. नानांनी ते आकडे चार गावांतल्या चार संस्थांना पाठवले. मशीन नवं असताना जरा अडखळतं, मग मोकळं होतं, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी ते उचलून धरलं. एकटी सुगराबी शिजलेला भात बोटांत दाबून बघायला लागली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती वाटीत थोडा भात घेऊन माझ्याकडे आली. एक शीत तिनं टेबलावर ठेवून नखानं दाबलं. बाहेरून फुटून गर झालेलं, आत कच्ची कणी.

"हा भात माझ्या वाफेचा नाही," ती म्हणाली. "ही वाफ फार गरम आहे. स्क्रीन सांगतो तेवढीच नाही."

"स्क्रीनला सेन्सर जोडलाय, खाला. तो खोटं बोलेल?"

"आकडा हलत नाही, पुनम. आधी भांड्याची वाफ सोडली की आकडा खाली यायचा, मग चढायचा. आता सकाळपासून एक पॉइंट दोनचा एक पॉइंट दोनच. चालू असलेली वस्तू एवढी गप्प राहत नाही." मग हळूच म्हणाली, "कणीक काढू का?"

मी घाबरले, पण बॉयलरला नाही. येत्या सोमवारी त्या चार संस्थांची माणसं आमचं स्वयंपाकघर बघायला येणार होती. मी म्हटलं, "काढलीस की परत फुसफुस. परत गॅस. परत मंजुळाबाईंचं नाव. सोमवार होऊ दे."

सुगराबीनं मान हलवली. वाटी घेऊन गेली.

शुक्रवारी मी पाहिलं, ती मंजुळाबाईंना सांगत होती की चूल तिकडे खिडकीशी घे. मंजुळाबाई तवा सोडायला तयार नव्हत्या. "काबरं? आठे मना गुडघासले शेक भेटस. तुले काय व्हई ऱ्हायनं?"

"तिथं उजेड चांगला आहे."

"उजेडनं काय करू? मी भाकर आंधारामा बी थापस."

सुगराबी माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली आणि भाज्या मोजायला लागले.

शनिवारी दुपारी ती परत आली. ओढणीचा पदर तोंडात धरलेला. ती म्हणाली, "मी तुझं ऐकलं नाही. मी कणीक काढायला गेले होते. तार सोडली, फडकं काढलं. कणीक निघत नाही. विटेसारखी झाली आहे. लोखंडी उलथन्यानं ठोकलं तर तेही वाकलं."

आता माझीही पाचावर धारण बसली. देगेची कणीक तडकते, कारण ती एक दिवसाची असते. आमची दीड महिना रोज वाफेवर भाजली होती आणि रोज वर नवा थर चढला होता. हे मला त्या क्षणी समजलं. इतकं समजूनही मी काय केलं? मोबाइल काढला, स्वप्नीलचं नाव काढलं, एक रिंग वाजू दिली आणि फोन कापला. तो आला असता तर त्यानं पहिलं विचारलं असतं की हे कुणी भरलं आणि तुम्ही कुठे होता. मी सुगराबीला म्हटलं, "उद्या रविवार, उद्या मुली बाहेर जेवतात, बॉयलर बंदच असतो. सोमवारी पाहुणे गेले की लगेच बोलावते. एक दिवसाचा प्रश्न आहे."

त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. तिला लागली असेल असं वाटत नाही.

सोमवारी साडेदहाला पाहुणे आले. सात-आठ जण, नाना पुढे. मुली शाळेत होत्या, एवढी देवाची दया. नूतननं तांदूळ भरले, स्क्रीनला बोट लावलं. पाहुणे भांड्याभोवती उभे राहिले. मंजुळाबाई भिंतीला पाठ लावून भाकरी थापत होत्या. सुगराबी भिंतीजवळ उभी. तिनं उलथन्याचं टोक बॉयलरहून येणाऱ्या नळीला टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. मी तिचा चेहरा बघत होते, बाकी काहीही बघत नव्हते. तो राखेसारखा होत गेला.

स्क्रीन वाजला. नूतन ओरडली, "अकरा!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना माझ्याकडे वळून हसले.

"बाहेर व्हा," सुगराबी म्हणाली.

कुणी हललं नाही. नाना म्हणाले, "खाला, पाहुणे आहेत."

"बाहेर व्हा सगळे! शेडमध्ये गॅस जळतोय अजून. भात झाला, वाफ कुणी घेत नाही, तरी आग विझत नाही!" आणि मग ती असं ओरडली की तिचा आवाज फाटला. "बॉयलरच्या शिट्टीचं तोंड मी कणकेनं बुजवलंय! वाफेला वाट नाही! पळा!"

मग पळापळ झाली. मी गॅसचा मुख्य कॉक बंद करायला धावले, असं सगळ्यांना सांगत आले आहे. खरं असं की मी नुसती धावले, जीव घेऊन. कॉक वाटेत आला. सिलिंडरच्या जाळीशी तो बाहेर आहे. मी तो बंद केला आणि तिथून फाटकापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा पाहुणे बाहेर होते, नाना बाहेर होते, नूतन बाहेर होती. दोघी आत होत्या.

खिडकीतून सगळं दिसत होतं. मंजुळाबाई उठत नव्हत्या. त्यांना उठवत नव्हतं. गुडघे धरून त्या म्हणत होत्या, "एवढी एक भाकर उतरू दे माय, करपी जाई." सुगराबीनं लाथ मारून तवा उडवला. पाठीमागून बगलेत हात घालून तिनं त्या बाईला फरशीवरून ओढत आणलं, पोत्यासारखं. मंजुळाबाई शिव्या देत होत्या. नूतन परत धावली, दोघींनी मिळून त्यांना आंब्याच्या झाडाखाली आणून टाकलं. मला वाटलं, संपलं. गॅस बंद झालाय, माणसं बाहेर आहेत.

सुगराबी परत आत गेली.

मी तिला हाक मारली. मोठ्यानं मारली असं मला वाटलं होतं, पण शेजारी उभ्या नानांनाही ती ऐकू गेली नसावी. गॅस बंद केला तरी आत कोंडलेली वाफ कुठे जाणार होती? बॉयलरच्या अंगातून एक आवाज येत होता, घशात अडकल्यासारखा, आणि शेडचा पत्रा थरथरत होता. रस्त्यापलीकडे केळीची बाग आहे, तिथली माणसं काम सोडून बघायला लागली. आत सुगराबी तिसऱ्या, रिकाम्या भांड्याशी उभी होती. तिनं झाकण उघडलं, अंग जितकं मागे घेता येईल तितकं मागे घेतलं आणि वाफेचा कॉक फिरवला. अगदी बोटभर. एकदम उघडला असता तर नळीच फुटली असती, हे नंतर स्वप्नील म्हणाला. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. देगेचं झाकण एकदम उचलायचं नाही, आधी लांबच्या कडेनं बोटभर, हे ती सात वर्षांची असताना शिकली होती.

वाफ किंचाळत आली. खिडक्या पांढऱ्या झाल्या आणि ती दिसेनाशी झाली.

किती वेळ गेला? मी घड्याळ पाहत होते, म्हणून सांगू शकते, तेवीस मिनिटं. तेवढ्या वेळात मी सगळे देव आठवले आणि एकदाही आत गेले नाही. मंजुळाबाई झाडाखाली बसून विचारत होत्या, "सुगरा कथी शे? सुगरा कथी शे?" नूतन खिडकीकडे बोट दाखवत होती. मग तो किंचाळणारा आवाज उतरत उतरत फुसफुशीवर आला, आणि थांबला. सुगराबी दारातून बाहेर आली. कपडे चिंब, चेहरा लाल, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. ती पायरीवर बसली आणि तेव्हा कुठे रडली.

दुपारी स्वप्नील धुळ्याहून आला. कणीक काढायला त्याला छिन्नी-हातोडा लागला. स्क्रीनचा सेन्सर ज्या बारीक नळीवर होता, ती आमच्या बोअरच्या पाण्याच्या क्षारानं गच्च बसली होती. जानेवारीपासूनच बसत आली होती. खरा दाब कितीही वाढो, स्क्रीनला एक पॉइंट दोनच दिसत होतं आणि तो आग पेटतीच ठेवत होता. "तो व्हॉल्व्ह गळत नव्हता हो," स्वप्नील जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला. "जास्तीची वाफ बाहेर टाकत होता. इथं खरं सांगणारा तो एकटाच होता."

नानांनी ऑफिसात सगळ्यांना उभं केलं. वाळलेल्या कणकेचे तुकडे टेबलावर होते. "खाला, हे खरंच तुम्ही केलंत?"

"मीच," सुगराबी म्हणाली.

"आणखी कुणाला माहीत होतं?"

माझे कान गरम झाले. मी खिडकीबाहेर बघत होते. आता ती माझं नाव घेईल, घ्यायलाच हवं, असं मला वाटत होतं. आणि घेऊ नये, घेऊ नये, असंही सगळं अंग म्हणत होतं.

"कुणाला नाही," ती म्हणाली.

"पण का केलं?"

मंजुळाबाई दारातच उभ्या होत्या, दाराची चौकट धरून. सुगराबीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सवय," ती म्हणाली. "वाफ जाताना बघवत नाही."

त्याच दिवशी तिला काढलं. हाताला पट्टी बांधून ती संध्याकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला भावाकडे गेली. मंजुळाबाई तिला सोडायला गेल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. नाना पुढे कधी गॅसचं बोलले नाहीत, माणसं कमी करायचं तर त्याहून नाही. एवढं घडल्यावर कुठल्या तोंडानं बोलणार? मशीन दुरुस्त झालं. मंजुळाबाई अजून भाकरी थापतात, आता खिडकीशी बसून. आणि थापता थापता रोज, न चुकता, सुगराबीला शिव्या देतात. "सोळा वरीस शेजारे बशीसन जेवनूत, आनि ती बाई आपले बठ्ठासले मारी टाकती. मना जीवनी तिले काय किंमत?" मी तिथंच उभी असते. पीठ संपलं का, डाळ भिजवली का, असं काहीतरी विचारते.

दोन महिन्यांनी मी पाचोऱ्याला गेले. माफी मागायची होती. काय काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. अतिकच्या घराच्या मागच्या खोलीत ती एका छोट्या पातेल्यात भात लावत होती. पातेल्यावर झाकण नव्हतं. भात आपला उघडाच रटरटत होता आणि ती समोर उभी राहून वाफ वर जाताना बघत होती. मी म्हटलं, "खाला, असा किती वेळ लागेल?" ती म्हणाली, "लागू दे."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघी एकदमच दचकलो आणि काही न बोलता बाहेर गल्लीत जाऊन उभ्या राहिलो. अतिकची सून आमच्याकडे बघत राहिली. तिसरी शिट्टी झाली, शेजारणीनं गॅस बंद केला, तेव्हा आम्ही आत आलो. मी फक्त म्हटलं, "नानांना मी सांगते. माझं नाव सांगते."

"कशाला?" तिनं भात हलवला. "तू गेलीस की तिथं नवी कुणीतरी येईल. मंजुळाला कोण सांभाळणार?" मग पाठमोरीच राहून तिनं विचारलं, "कशी आहे? माझ्याबद्दल काय म्हणते?"

"आठवण काढते," मी म्हटलं.

"खोटं नको बोलू."

मग मी म्हटलं, "शिव्या देते. रोज. मी तिला सांगून टाकू का, की तू ते तिच्यासाठी—"

सुगराबी एकदम वळली. भाजलेल्या हाताची कातडी अजून गुलाबी होती, त्याच हातानं तिनं माझं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांत मी पुन्हा ती भीती पाहिली, तीच, भिंतीपाशी उलथनं कानाला लावलं होतं तेव्हाची.

"तिला कधी सांगू नको. आपल्यापायी सगळे मेले असते, ही भीती जन्मभर घेऊन बसेल. देऊ दे शिव्या. शिव्या द्यायला जिवंत आहे ना."